शाहू स्टेडियमची मॅच परदेशातून: यूट्यूब, भावाचा फोन, की सरळ तिकीट?

आयपीएलवाल्यांचं बरं असतं. वर्गणी भरली की जगात कुठंही बसून मुंबई इंडियन्स बघता येते. आपलं तसं नाही. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत वाढून पाटाकडील तालमीच्या फुटबॉल संघासाठी घसा बसवलेल्या माणसाला परदेशात गेल्यावर तीन वाटा उरतात, आणि जर्मनीत राहून मी तिन्ही चालून बघितल्यात. यंदा पहिल्यांदा बाहेर निघालेल्यांसाठी हे लिहितोय.

पहिल्यांदा घड्याळ बघा, कारण निम्मा निर्णय तिथंच होतो. मोठी मॅच साधारण दुपारी चारला असते. म्हणजे हिवाळ्यात दुबईत अडीच, जर्मनीत साडेअकरा, लंडनमध्ये साडेदहा. सिंगापूरला संध्याकाळचे साडेसहा, चहा घेऊन निवांत बसा. न्यू जर्सीत पहाटेचे साडेपाच, तेही जमतं. कॅलिफोर्नियात रात्रीचे अडीच! तिथल्यांनी सरळ दुसऱ्या दिवशीच्या ई-पेपरवर समाधान मानावं, उगाच वाद नको. मार्चमध्ये युरोप-अमेरिकेतली घड्याळं तासभर पुढं सरकतात, तेही ध्यानात ठेवा. मी एकदा विसरलो आणि तासभर आधीच लावून बसलो.

आता यूट्यूब. कोल्हापुरातली स्थानिक चॅनेल मॅच थेट दाखवतात, पैसे लागत नाहीत. बहुतेक वेळा कॅमेरा एकच आणि लांबवर, त्यामुळं गोलपोस्टपाशी गर्दी झाली की बॉल कुणाच्या पायात आहे ते कळत नाही. पण चालींचा अंदाज येतो, नवीन पोरं कोण आलीत ते दिसतं. खरी गोची वेगळीच. चित्र अर्धा-पाऊण मिनिट मागं असतं आणि पेठेचा व्हॉट्सॲप ग्रुप मात्र मैदानाच्या बरोबरीनं. ऑफिसच्या कँटीनमध्ये मी ताटाशेजारी फोन टेकवून बसलेलो, आपला फॉरवर्ड अजून मध्यरेषेवर, आणि वरून पट्टी उतरली: "गोऽऽल! नाद खुळा!" तो गोल मग पडद्यावर वरणभातासारखा बघितला. तेव्हा यूट्यूब लावणार असाल तर ग्रुप बंद ठेवा. दोन्ही एकत्र जमत नाहीत.

फोनचं नेमकं उलटं. दिसत काही नाही, पण ऐकू सगळं येतं. माझा धाकटा भाऊ गॅलरीत बसून फोन शर्टाच्या वरच्या खिशात ठेवतो. मला शिट्ट्या, रेफ्रीच्या नावानं चाललेला उद्धार, शेंगदाणेवाल्याची हाक आणि मध्येच "अरं दे की पास!" एवढंच ऐकू येतं. स्कोअर विचारला तर म्हणतो, "थांब की दादा, कॉर्नर हाय." माहितीच्या दृष्टीनं ही वाट अगदी टाकाऊ. पण समोर आमचा कट्टर प्रतिस्पर्धी शिवाजी तरुण मंडळ असेल आणि मॅच टायब्रेकरला गेली असेल, तर मी यूट्यूब बंद करून भावालाच फोन लावतो. पेनल्टी मारायच्या आधी स्टेडियम गप्प होतं, ती शांतता चॅनेलवर निवेदकाच्या बडबडीत हरवते. फक्त हे रोज मागू नका. तो मॅच बघायला गेलाय, तुमची नोकरी करायला नाही.

तिसरी वाट महागडी: विमानाचं तिकीट काढून सरळ घरी यायचं. बहुतेकजण रजा गणपतीला नाहीतर दिवाळीला टाकतात, आणि तेव्हा हंगाम सुरूच झालेला नसतो. लीग झाली की उन्हाळ्यापर्यंत नॉकआउट स्पर्धा चालतात. त्यामुळं फुटबॉलसाठी यायचं तर फेब्रुवारी ते एप्रिल बघा. घरचे विचारतील, "सण सोडून आत्ता कशाला?" त्याचं उत्तर तुमचं तुम्ही शोधा. दुसरी अडचण जास्त मोठी: वेळापत्रक महिनोन्‌महिने आधी हातात येत नाही, आणि हुल्लडबाजीमुळं सामने थांबल्याचंही आपण बघितलंय. म्हणून एका फायनलवर तिकीट काढू नका. दोन-तीन आठवडे हाताशी ठेवा, एखादी तरी पेठेची मॅच सापडतेच.

मी आता काय करतो? लीगच्या साध्या मॅचला ई-पेपर, नॉकआउटला यूट्यूब, शिवाजीविरुद्ध भावाचा खिसा. आणि दर तीन वर्षांनी एकदा गणपती बुडवून मार्चमध्ये घरी. तुम्हाला वर्षाला एकच रजा मिळत असेल आणि आईवडील वयस्कर असतील, तर मात्र दिवाळीच धरा. फुटबॉल फोनवर भागतो.

तिकडचा एखादा क्लब धरावा का, असंही पोरं विचारतात. जरूर धरा. बुंडेसलिगा या जर्मनीतल्या अव्वल लीगच्या शनिवारच्या बहुतेक मॅच तिकडच्या साडेतीनला असतात, आपली साडेअकराची उरकून आरामात पोचता येतं. मी जातो. उभं राहायच्या गॅलरीचं तिकीट काढतो, बिअर घेतो, गाणी म्हणतो. पण परवा आमचा तिथला संघ तीन गोलांनी हरला आणि मी रात्री व्यवस्थित जेवलो.