रॉड, रील आणि तंबू: एक हिवाळा-उन्हाळा बॅकवॉटरला वापरल्यावर

निकाल आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांची सुटका होईल. पुण्याच्या आसपास गोड्या पाण्यात हौसेने गळ टाकायचा असेल तर रॉडवर कमी आणि दोऱ्यावर, गळावर जास्त पैसे घाला. तंबूच्या बाबतीत कापडावर कमी आणि काठ्या-खुंट्यांवर जास्त. दुकानात नेमकं उलटं गळ्यात मारतात, कारण काउंटरवर रॉड चमकतो आणि दोरा कुणाच्या डोळ्यात भरत नाही.

आता सविस्तर. दसऱ्याच्या सुमारास सात फुटी, दोन तुकड्यांचा, मीडियम पॉवरचा स्पिनिंग रॉड घेतला. अंगावर १० ते ३० ग्रॅम लिहिलेलं होतं, म्हणजे शिसं किंवा कृत्रिम आमिष त्या वजनाचं टाकावं. सोबत ३००० साइजची रील, तीन माणसांचा घुमटी तंबू आणि एक छोटा गॅसचा स्टोव्ह. मुळशी, पवना, पानशेत-वरसगावचा बॅकवॉटर, भोरकडे भाटघर आणि अधूनमधून भिगवणला उजनी, एवढ्या ठिकाणी हे सगळं वापरून झालं आहे. कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही. या किमतीत हुबेहूब तोच सांगाडा तीन-चार नावांनी विकायला असतो, त्यामुळे नावापेक्षा काय बघून घ्यायचं ते कळलेलं बरं.

रॉडबद्दल फार तक्रार नाही. टेलिस्कोपिक घेऊ नका, एवढंच सांगेन. बॅगेत मावतो म्हणून लोक तो घेतात, पण बॅकवॉटरच्या काठाची बारीक रेती त्याच्या सांध्यात शिरली की एखादा भाग आत सरकत नाही किंवा बाहेर येत नाही आणि माणूस रॉडशी कुस्ती खेळत बसतो. दोन तुकड्यांचा सात फुटी रॉड साडेतीन फुटांवर येतो. प्लंबरच्या दुकानातून अडीच इंची पीव्हीसी पाइप कापून घ्या, दोन्ही टोकांना टोपण, आतून जुन्या टॉवेलचा तुकडा आणि बाइकला आडवा बांधा. ताम्हिणीच्या रस्त्यावरचे सगळे खड्डे खाऊन माझा रॉड अजून शाबूत आहे. घेताना मात्र एक करा: दोरा ज्या कड्यांतून जातो त्या प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवून बघा. कापूस अडकला तर ती कडी दोरा कापणार. माझ्या रॉडच्या टोकाच्या कडीतली चिनीमातीची रिंग उन्हाळ्यात निखळली. दुकानदार म्हणाला, 'वॉरंटी रॉडला आहे, कडीला नाही.' कडीशिवाय रॉड म्हणजे काठीच की! शेवटी टोकाची सुटी कडी मागवली आणि गरम गोंदाने बसवून घेतली.

रीलवर थोडं जास्त लिहितो, कारण जाहिरातबाजी सगळ्यात जास्त तिथे चालते. डबीवर '१२+१ बेअरिंग' असं छापलेलं असतं. आकड्याला भुलू नका. चांगली चार-पाच बेअरिंग असलेली रील गल्लीतल्या तेरा बेअरिंगवालीपेक्षा गुळगुळीत फिरते. खरं बघायचं ते ड्रॅग, म्हणजे मासा ओढायला लागला की दोरा किती जोर लागल्यावर सुटतो ते. दुकानातच दोरा हाताने ओढून बघा. एका लयीत सरकायला हवा. आधी अडून मग झटका देऊन सुटत असेल तर ती रील परत द्या, कारण तोच पहिला झटका दोरा तोडतो.

वरसगावच्या बाजूला एका संध्याकाळी सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, लागला तेव्हा हे नीट दिसलं. कणकेचा गोळा तळाला पडून अर्धा तास झाला होता, रॉड दोन दगडांत टेकवलेला. आधी टोक दोनदा हळूच वाकलं, मग एकदम खाली गेलं आणि रील ओरडायला लागली. हा मासा उड्या मारत नाही, डोकं खाली घालून नांगरासारखा सरळ खोल पाण्याकडे ओढत राहतो. ड्रॅग दोरा तुटण्याच्या जोराच्या साधारण पाव ते तिसऱ्या हिश्शावर ठेवलं होतं, म्हणून तो गेला तेवढा जाऊ दिला, थांबला की टोक वर उचलून मग गुंडाळला, पुन्हा गेला, पुन्हा गुंडाळला. जाळीत आला तेव्हा गळ ओठाच्या कोपऱ्यात नीट बसलेला होता. मनगटाची पार वाट लागली होती.

रीलची दुखरी जागा म्हणजे दोरा ज्यावरून वळतो तो छोटा रोलर. चार-पाच महिन्यांनी तो फिरेनासा झाला. रील वाळूत आडवी ठेवली की हे होणारच, आणि बॅकवॉटरला वाळू नाहीतर गाळ, तिसरं काही नसतं. रोलर अडला की दोरा एकाच जागी घासतो आणि पिळतो. दुसरी खबरदारी: दोरा फेकल्यावर रीलवरचं तारेचं कडं हाताने बंद करा, हँडल फिरवून नको. पीळ बराच कमी होतो. आणि स्पूल, म्हणजे दोरा गुंडाळलेली फिरकी, काठोकाठ भरू नका, कडेपासून दोन मिलिमीटर मोकळं ठेवा, नाहीतर फेकताना एकदम दहा-बारा वेटोळी सुटतात आणि गुंता सोडवण्यात संध्याकाळ जाते.

मुळशीच्या काठावर एक गावकरी काका नेहमी भेटतात. प्लॅस्टिकच्या बाटलीला तंगूस, म्हणजे साधा एकेरी नायलॉनचा दोरा, गुंडाळलेला, टोकाला शिसं, दोन गळ, आमिष गांडूळ. बाटली डाव्या हातात धरून उजव्याने दोरा डोक्यावर फिरवून सोडतात, तो सरळ पाण्यात तीस-चाळीस फुटांवर. माझी रील हातात घेऊन त्यांनी दोनदा फिरवली आणि विचारलं, 'केवढ्याला पडलं हे मशीन?' मी म्हटलं, 'काका, रॉड धरून साडेतीन हजार.' 'आन् मासं?' त्या दिवशी माझ्याकडे दोन चिलापी (तिलापिया) होत्या, त्यांच्या पिशवीत डझनभर तरी असतील. काठाजवळच्या चिलापीला, शिंगटीला खरंच मशीन लागत नाही. रॉड लागतो तो लांब टाकायला आणि मोठा मासा दमवायला, एवढं डोक्यात ठेवून विकत घ्या.

आता दोरा. पहिल्या महिन्यात रीलसोबत फुकट आलेला दोरा होता, तो फेकून द्यायच्याच लायकीचा. नंतर वेणीचा, म्हणजे ब्रेडेड दोरा घातला. तो त्याच ताकदीच्या तंगूसपेक्षा बारीक असतो आणि ताणत नाही, त्यामुळे तळाला माशाने नुसतं नाक लावलं तरी हाताला कळतं. पण थेट स्पूलवर गुंडाळला तर सगळा थर घसरून गोल फिरतो, म्हणून खाली साध्या तंगूसचे दहा-पंधरा वेढे हवेत. शिवाय आपल्याकडचा काठ म्हणजे काळा कातळ, आणि पाण्याखाली बुडालेली शेतं, त्यांचे बांध, बाभळीची खोडं. वेणीचा दोरा दगडाला घासला की पिंजतो. त्यामुळे पुढे दीड-दोन हात जाड तंगूस जोडायचाच.

गळ जपानी बनावटीचे घेतले, पाकीट महाग वाटलं तरी. धार कमी झाली की नखावर ओढून कळतं: टोक रुतलं तर ठीक, घसरलं तर बदला. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून बसवतो. मासे थोडे जास्त सुटतात, पण सोडायचा मासा न फाटता निघतो, आणि स्वतःच्या बोटात गेला तर दवाखान्याची वारी वाचते. या बाबतीत माझ्या टोळीत दोन तट आहेत आणि भांडण मिटायचं नाव नाही.

आमिषाचं फार कौतुक करत नाही. कणीक, भाजलेलं बेसन, शेंगदाण्याची पेंड, चिमूटभर हिंग. रोहू, मृगळ, सायप्रिनस यावर येतात. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाला, त्यामुळे नुसतं तळाला टाकून कटलाची वाट बघत बसू नका. मरळ हवी असेल तर पाणवनस्पतींच्या कडेने रबरी बेडूक ओढा. मात्र पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका बुडबुडताना दिसला तर तिथून हात काढून घ्या, खाली मरळीची जोडी राखणीला असते आणि चिडून कशावरही तुटून पडते. ती पकडली की पिल्लं दुसऱ्या माशांच्या पोटात. चिलापीबद्दल मला अशी माया नाही. १९५२ मध्ये बाहेरून देशात आणलेला हा मासा, मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, आणि बघता बघता तलाव भरतो. चिलापी जेवढी खाल तेवढी थोडी. भिगवणला ती तळून खायला लोक मुद्दाम जातात.

महसीर लागला तर मात्र पाण्यातच गळ काढून सोडून द्या. दख्खनचा महसीर शास्त्रीय दृष्ट्या पहिल्यांदा नोंदवला गेला तो आपल्याच पाण्यातून: कर्नल साइक्सने १८३९ मध्ये पुण्याच्या पूर्वेच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचं वर्णन केलं. त्याच मुळा-मुठेत आज महसीर शोधून दाखवा. लोणावळ्याला वळवणला टाटांनी १९७० च्या दशकापासून त्याची पैदास केली. पुढे ते बीज कावेरीत सोडलं गेलं आणि तिथला मूळचा कुबडा महसीर अडचणीत आला, म्हणजे चांगल्या कामालाही दुसरी बाजू निघते. मासा सोडताना हात ओले करा, कल्ल्यात बोटं घालू नका, आणि जाळी गाठी नसलेली, रबरी घ्या. नायलॉनची गाठीची जाळी खवलं आणि अंगावरचा चिकट थर ओरबाडते.

तंबूचं सांगतो. कापड २००० मिमीचं, म्हणजे तेवढ्या उंच पाण्याचा दाब सोसणारं, होतं आणि वळवाच्या सरीत ते कुठेही गळलं नाही. तरी पवनेला थंडीत सकाळी उठलो तर आत सगळं ओलं. ते पाणी बाहेरचं नव्हतं. दोन माणसांचा श्वास आणि काठावरचं दव, दोन्ही थंड कापडावर साठून थेंब होतात. वरच्या जाळ्या उघड्या ठेवल्या आणि बाहेरचं कापड आतल्याला चिकटणार नाही असं ताणलं की बरंच कमी होतं. तीन माणसांचा तंबू म्हणजे सामानासकट दोघांचा, हेही गृहीत धरा.

खुंट्या मात्र पहिल्याच मुक्कामात वाकल्या. आपल्याकडे मातीखाली मुरूम लागतो, त्यात सायकलच्या स्पोकसारख्या त्या तारा काय टिकणार. लोहाराकडून ८ मिमी सळईच्या वीतभर लांब, टोकदार खुंट्या ठोकून घेतल्या. वजन वाढलं, झोप मिळाली. फायबरची एक काठी एप्रिलमध्ये मुळशीच्या संध्याकाळच्या वाऱ्यात उभी चिरली. सध्या तिला पत्र्याची नळी चढवून वर चिकटपट्टी मारली आहे. पुन्हा घेतला तर ॲल्युमिनियमच्या काठ्यांचाच घेईन. तंबूखाली टाकायला बोहरी आळीतून साधी ताडपत्री आणली, तिचा आकार तंबूच्या तळापेक्षा बोटभर लहान ठेवा, नाहीतर पावसाचं पाणी तिच्यावर साचून थेट पाठीखाली येतं.

स्टोव्ह ठीक. थंडीत पहाटे डबा गार पडला की ज्योत मरते, तो रात्री पांघरुणात घेऊन झोपलं की चहा वेळेवर होतो. हेडलॅम्पला लाल दिवा असेल असाच घ्या, पांढऱ्या दिव्यावर सगळे किडे तोंडावर येतात.

काही गोष्टी सामानाच्या नाहीत, पण लिहायलाच हव्यात. बहुतेक जलाशयांत मासेमारीचा ठेका स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. आधी त्यांना भेटा, परवानगी घ्या, त्यांच्या जाळ्यांच्या जवळपास गळ टाकू नका. ज्याच्या शेतात तंबू लावायचा त्याला विचारा. धरणाच्या खालच्या बाजूला नदीपात्रात मुक्काम करू नका, पाणी कधी सोडतील याचा नेम नसतो. कमरेच्या वर पाण्यात जायचं नाही, आणि लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडीत पाय ठेवायचा नाही. काठावरून उथळ दिसणारं पाणी दोन पावलांवर जुन्या ओढ्यात उतरतं, दरवर्षी माणसं जातात. ढग गडगडले की ग्रॅफाइटचा रॉड खाली ठेवून काठापासून लांब व्हा, वीज त्यातून मजेत उतरते. तुटलेला दोरा गोळा करून घरी आणा. उजनीला पक्ष्यांच्या पायात अडकलेला तंगूस एकदा पाहिला की तो टाकून यायची हिंमत होत नाही.

पावसाळ्यात मी गळ टाकत नाही. चढणीचे मासे अंडी घालायला वर येत असतात, गाबोळी भरलेला मासा धरण्यात मला रस नाही. ज्यांना आहे त्यांच्याशी वाद घालून झाला आहे. तोवर रील खोलून, धुऊन, तेलाचा एक-एक थेंब टाकून ठेवली आहे आणि ड्रॅगची चावी पूर्ण सैल केली आहे, नाहीतर आतल्या चकत्या दबून बसतात. रोलरचं बेअरिंग मात्र अजून मिळालेलं नाही. पुण्यात सुटं कुठे मिळत असेल तर सांगा, अख्खी रील बदलायची इच्छा नाही.