टॅरो उद्यान, टस्कनी: आत शिरून पाहावयाची शिल्पे

इटलीतील दक्षिण टस्कनीत कापाल्बियो गावाजवळच्या टेकडीवर निकी द सां फाल (१९३०–२००२) या फ्रेंच-अमेरिकन शिल्पकर्तीने उभारलेल्या टॅरो उद्यानातील मोठ्या शिल्पांना पुढची आणि मागची अशी बाजू नाही. त्यांच्याभोवती फिरावे लागते, काहींच्या पायऱ्या चढाव्या लागतात आणि कित्येकांच्या पोटातही शिरावे लागते. एका ठिकाणी उभे राहून छायाचित्र काढणाऱ्याच्या हाती म्हणूनच येथे फारसे काही लागत नाही.

टॅरो म्हणजे भविष्य सांगण्यासाठी वापरले जाणारे चित्रमय पत्ते; त्यांतील २२ प्रमुख पत्त्यांवर हे उद्यान बेतलेले आहे. १९५५ मध्ये बार्सिलोनात वास्तुरचनाकार गौदीचे ग्युएल उद्यान पाहिल्यापासून निकीच्या मनात असे काही करावयाचे होते. प्रत्यक्ष काम १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले आणि सर्वांसाठी दरवाजे उघडले ते १९९८ मध्ये. खर्चाचा मोठा वाटा तिने स्वतःच्या नावाचे अत्तर बाजारात आणून उभा केला. कलेसाठी आश्रयदाता शोधण्यापेक्षा हा मार्ग मला अधिक स्वाभिमानी वाटतो.

या उद्यानाचे खरे सामर्थ्य त्याच्या पृष्ठभागांत आहे. जाड सळ्या जोडून केलेला पोलादी सांगाडा, त्यावर तारेची जाळी, तिच्यावर सिमेंटचा थर आणि सर्वांत वर भाजलेली माती, काच व आरसे, अशी ही रचना आहे. मातीचे तुकडे शिल्पाच्या अंगावरच घडवून, त्यांना क्रमांक देऊन भट्टीत नेले जात आणि झिलई होऊन ते पुन्हा आपापल्या जागी बसवले जात. भाजताना माती आक्रसते, त्यामुळे तुकड्यांमध्ये ज्या फटी राहत त्या हाताने कापलेल्या काचांनी भरल्या गेल्या. मातीच्या मंद रंगाशेजारी अचानक चमकणारी ती बारीक रेघ या अडचणीतूनच आलेली आहे, आणि रंगाचा हात फिरवून सजवलेल्या शिल्पांत ती कधीच साधत नाही. सांगाड्यांच्या जोडकामात निकीचा सहकारी आणि पती, टाकाऊ लोखंडातून हलती यंत्रशिल्पे करणारा ज्यां तँगली याचा मोठा हात होता. गावातील माणसेही हळूहळू कारागीर बनली, त्यांत पत्रे वाटणारा पोस्टमनही होता.

स्फिंक्ससारखी बसलेली ‘सम्राज्ञी’ हे उद्यानातील सर्वांत प्रसिद्ध शिल्प. काम चालू असताना निकी काही वर्षे तिच्या आतच राहिली. एका स्तनात शयनकक्ष, दुसऱ्यात स्वयंपाकघर. आतील भिंती आरशांच्या तुकड्यांनी मढवलेल्या आहेत. पहिली काही मिनिटे हे सारे विलक्षण वाटते, नंतर मात्र डोळ्यांना विसावा मिळेनासा होतो. रंग आणि चमक यांचा अतिरेक हा या उद्यानाचा दोष आहेच, आणि तो तँगलीच्या गंजक्या यंत्रांनी सावरला आहे. निळ्या ‘महापुजारिणी’च्या उघड्या तोंडातून पायऱ्यांवरून वाहणारे पाणी ज्या कुंडात उतरते, तेथे त्याचे लोखंडी ‘भाग्यचक्र’ आहे. माझ्या मते या जोडीचे सर्वोत्तम काम ‘न्याय’ हे आहे: बाहेरून काळीपांढरी, भरदार स्त्री आणि तिच्या पोटात कुलूपबंद दाराआड ‘अन्याय’ नावाचे यंत्र. पॉप वळणाच्या, म्हणजे लोकप्रिय आणि भडक प्रतिमांच्या कलेला केवळ गोडवा जमतो, असे म्हणणाऱ्यांनी या दारासमोर थोडा वेळ थांबावे.

स्विस वास्तुरचनाकार मारियो बोत्ता याने रचलेले प्रवेशद्वार म्हणजे दगडी भिंतीतील एक मोठे वर्तुळ. आतल्या रंगांशी स्पर्धा न करण्याचा त्याचा संयम प्रशंसनीय आहे. निकीच्या इच्छेनुसार आत मार्गदर्शकासह सहली नेता येत नाहीत. निर्णय योग्य आहे, तरीही टॅरोची अजिबात ओळख नसलेल्याने पत्त्यांची नावे व अर्थ आधी वाचून जावेत. अन्यथा छोट्या शिल्पांजवळून तो नुसता पुढे निघून जाईल. उद्यान हिवाळ्यात नेहमीप्रमाणे खुले नसते आणि हंगामातही ते दुपारनंतर उघडते, त्यामुळे वेळा तपासूनच बेत आखावा. जागा आडवळणाची असल्याने स्वतःचे वाहन असलेले बरे.