हनाबी : आपली सोडून सगळ्यांची पानं दिसतात

पत्ते खेळताना ज्यांना तोंडावर ताबा ठेवता येत नाही, त्यांनी 'हनाबी'वर पैसे घालवू नयेत. आमच्या घरातले निम्मे लोक असेच आहेत, तरी मी या खेळाला पाचपैकी साडेचार देते. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

खेळ फ्रान्सच्या आंत्वान बोझाचा. २०१० साली आला आणि २०१३ मध्ये जर्मनीतला 'श्पील देस यारेस' हा बैठ्या खेळांचा मानाचा पुरस्कार त्याला मिळाला. डबी लहानशी, आत ५० पानं. पांढरा, पिवळा, हिरवा, निळा आणि लाल असे पाच रंग. प्रत्येक रंगात एक्के तीन, दुर्री, तिर्री, चौकी दोन-दोन आणि पंजी एकच. सगळ्यांनी मिळून प्रत्येक रंग एक्क्यापासून पंजीपर्यंत ओळीने लावायचा. सगळं लागलं तर २५ गुण. बदाम सात खेळलेल्या माणसाला इतकं पुरतं. गोम एकच, की आपली पानं उलटी धरायची. त्यांची तोंडं समोरच्यांकडे, आपल्याला दिसतात फक्त पाठी.

आपल्या पाळीला तीनपैकी एक गोष्ट करता येते : पान लावायचं, पान टाकायचं किंवा कुणाला तरी सूचना द्यायची. सूचना रंगाची किंवा आकड्याची, एवढीच. 'ही दोन तुझी हिरवी' म्हणता येतं, 'हे लगेच लाव' म्हणता येत नाही. शिवाय हातात तीन हिरवी असतील तर तिन्ही दाखवायलाच लागतात. प्रत्येक सूचनेला एक निळी चकती खर्ची पडते. त्या मिळतात आठ. पान टाकलं की एक परत येते. चुकीचं पान लावलं की फुसका बार, आणि तीन फुसके बार झाले की डाव संपला.

आता आमच्याकडचा एक डाव सांगते. टेबलावर लाल एक्का होता. पाळी भावोजींची, त्यांच्यानंतर मी, माझ्यानंतर पुतणी. भावोजींनी चकती टाकली आणि पुतणीच्या एका पानावर बोट ठेवून म्हणाले, "हे लाल." मला ते पान दिसत होतं : लाल तिर्री. तिनं ते लावलं असतं तर बार फुसका, कारण दुर्री अजून आलेलीच नव्हती. भावोजी कंजूष माणूस, चकती उगाच उधळणार नाहीत. मग त्यांना असं काय दिसतंय जे मला दिसत नाही? माझ्याच हातातली पानं. म्हणजे लाल दुर्री माझ्याकडे असणार. पण कुठलं पान? नवीन उचललेलं पान डाव्या टोकाला ठेवायचं आणि अशा वेळी तेच लावायचं, हा आमचा आधीपासूनचा ठराव. मी न बघता ते टेबलावर ठेवलं. लाल दुर्री.

खरी गंमत त्याच्या पुढे. पुतणी मान खाली घालून बसली होती. माझी दुर्री तिला सुरुवातीपासून दिसत होती, पण स्वतःचं लाल पान म्हणजे दुसरी दुर्री असेल असंही तिला वाटू शकलं असतं. मी गप्प बसून भलतंच काही टाकलं असतं, तर तिनं तसंच धरलं असतं. मी पान लावलं, तेव्हा तिला कळलं की आपली तिर्री आहे. "काकू, थँक्स!" म्हणून तिनं ती लावली. भावोजी एकच शब्द बोलले आणि दोन पानं लागली. त्यातलं माझं पान तर त्यांनी दाखवलंही नव्हतं.

२०१५ साली सिंगापूरच्या गणित स्पर्धेतलं शेरिलच्या वाढदिवसाचं कोडं जगभर फिरलं होतं, आठवतंय? दहा तारखा, आल्बर्टला फक्त महिना माहीत, बर्नार्डला फक्त दिवस. आल्बर्ट म्हणतो, मला वाढदिवस माहीत नाही, पण बर्नार्डलाही माहीत नाही हे मला माहीत आहे. एवढ्यावर मे आणि जून कटतात, कारण १९ तारीख फक्त मेमध्ये होती आणि १८ फक्त जूनमध्ये. शेवटी उरते १६ जुलै. मला ती कोडी फार आवडतात, पण त्यात सगळे बृहस्पती असतात. इथे आल्बर्टच्या जागी आमचे भावोजी. ते दोन पायऱ्या पुढचं बघतात. सासूबाई एकच पायरी बघतात, आणि तीही चहा झाल्यावर. समोरच्याला काय माहीत आहे याच्याबरोबर तो किती खोल विचार करतो हेही ताडायला लागतं. गूगलच्या डीपमाइंड आणि ब्रेनमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेपुढे हाच खेळ आव्हान म्हणून मांडला, त्याचं मला नवल वाटलं नाही. बुद्धिबळात दुसऱ्याच्या गप्प बसण्याचा अर्थ कुठे लावायला लागतो?

आता तो अर्धा गुण. मेंढीकोटात कान खाजवून भिडूला हुकूम कळवण्यात आमच्या दोन पिढ्या गेल्या. इथे भुवई उडवणंही बाद. भावोजी पाळतात, आमचे हे पाळत नाहीत. मी चुकीच्या पानाला हात लावला की यांचा श्वास अडकतो, तो सगळ्यांना ऐकू येतो, आणि खेळातला रस तिथेच संपतो. त्यावर नियमांत काही तोड नाही, संकोच हाच पहारेकरी. दुसरं म्हणजे कुठल्या पानाबद्दल काय सांगितलं गेलं ते लक्षात ठेवावं लागतं. सासूबाईंसाठी आम्ही सांगितलेलं पान आडवं धरायची मुभा दिली, मग त्या रमल्या.

फक्त नवरा-बायकोसाठी घेणार असाल तर थांबा. वर सांगितला तसा डाव रंगायला मधे तिसरा माणूस लागतो. दोघांत नुसती देवाणघेवाण होते. पाच जण बसले तर हातात चारच पानं येतात आणि पाळी यायला वेळ लागतो. तिघं-चौघं असाल तर घ्याच, आणि 'हे' असतील तर त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवायची सोय बघा.