दोन हजारांचं चलान हजारात मिटवून देणारे

वेगमर्यादा ओलांडल्याचं ई-चलान आलं की बहुतेकांच्या मनात पहिला प्रश्न 'भरू की भांडू' हा नसतो, 'कोणी ओळखीचं आहे का' हा असतो. आणि ओळखीचं कोणी ना कोणी निघतंच. आरटीओच्या फाटकाबाहेरचा एजंट, कोर्टाच्या आवारातला 'वकीलसाहेबांचा माणूस', नाहीतर व्हॉट्सॲपवर जाहिरात टाकणारा कोणीतरी. बोलणं ठरलेलं: "दोन हजारांचं आहे ना? हजार द्या, उद्या बघा, दिसणारही नाही."

दुसऱ्या दिवशी चलान खरंच दिसत नाही. म्हणूनच माणूस फसतो, आणि वर चार मित्रांना त्याच एजंटचा नंबरही देतो.

होतं काय, ते नीट समजून घ्या. न भरलेलं चलान व्हर्च्युअल कोर्टात, म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या न्यायालयात, गेलं की त्या संकेतस्थळावर दोन पर्याय येतात: प्रस्तावित दंड मान्य करून भरणं, किंवा खटला लढवायचा आहे असं कळवणं. दुसरा पर्याय निवडला की प्रकरण तिथून निघून नेहमीच्या न्यायालयाकडे वर्ग होतं. त्यासाठी लागतो नोंदवलेल्या मोबाइलवरचा ओटीपी. एजंट तुमच्याकडून ओटीपी घेतो, 'लढवायचं आहे' दाबतो आणि भरायच्या यादीतून गायब झालेलं चलान दाखवून हजार रुपये खिशात घालतो. दंडाचा एक पैसाही भरलेला नसतो. तुम्ही मात्र, स्वतःला पत्ता नसताना, आरोपी म्हणून खटला लढवायला उभे असता. तारखा पडतात, समन्स निघतं. गैरहजेरी लांबली तर वॉरंटही निघू शकतं.

कधीकधी तर ओटीपी मागावाही लागत नाही. गाडीचं पासिंग किंवा नावावर करण्याचं काम ज्याने केलं, त्या एजंटचा किंवा शोरूममधल्या कोणाचा तरी नंबर 'वाहन' या सरकारी गाडी-नोंदणी प्रणालीत पडलेला असतो. मग चलानाचा संदेश त्याला, कोर्टाची सूचना त्याला आणि ओटीपीही त्यालाच. म्हणून बाकी काही करण्याआधी परिवहन सेवेच्या संकेतस्थळावर आपल्या गाडीसमोर कोणाचा नंबर आहे ते बघा आणि स्वतःचा घाला.

दुसरा प्रकार कोर्टातला. माणूस भांडायच्या तयारीने येतो, फोटोतली गाडी आपली नाही असं त्याचं म्हणणं असतं. 'वकीलसाहेबांचा माणूस' कोऱ्या वकीलपत्रावर सही घेतो आणि सांगतो, "जजसाहेबांनी विचारलं की फक्त हो म्हणा." ते 'हो' म्हणजे गुन्ह्याची कबुली. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मध्ये हलक्या वाहनाला वेगासाठी १,००० ते २,००० रुपये दंड आहे. कोर्टाने हजार लावले, तर त्या माणसाने 'दंड आणि खर्च' म्हणून चार हजार घेतलेले असतात. पावती मागितली की "फाइलला लावली." पावती दंड भरणाऱ्याची असते, फाइलची नव्हे, दंडाचा खरा आकडा तिच्यावरच असतो. दुसऱ्याचा खटला चालवण्याचा अधिकार नोंदणीकृत वकिलालाच आहे. सनद क्रमांक, म्हणजे वकिलीच्या नोंदणीचा क्रमांक, विचारा. जो हा क्रमांक सांगायला कचरतो, त्याच्यापुढे सही करू नका.

तिसरा प्रकार लोकअदालतीच्या आसपासचा. 'टोकन काढून देतो', 'ऐंशी टक्के माफी पक्की' अशी विक्री तारीख जवळ आली की सुरू होते. लोकअदालतीला कोर्ट फी नाही, तिथे सवलत आधीपासून कोणाच्या हातात नसते, आणि १५१०० या विधी सेवा प्राधिकरणाच्या क्रमांकावर माहिती फुकट मिळते. आणखी एक गोष्ट एजंट कधीच सांगत नाही: लोकअदालत म्हणजे तडजोड. कोण खरं, कोण खोटं याचा निकाल तिथे लागत नाही, आणि झालेल्या निवाड्यावर अपील नाही. चूक खरंच झाली असेल तर जागा उत्तम. चलानच चुकीचं असेल तर तिथे जाणं म्हणजे न केलेल्या गोष्टीचे पैसे घासाघीस करून देणं.

चुकीचं चलान असेल तर काय धरायचं? महाराष्ट्राच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडी क्रमांक आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक टाकले की चलान दिसतं. आधी फोटो मोठा करून बघा. ३ आणि ८, बी आणि ८ यांची गल्लत कॅमेरा करतो. तुमच्या कारच्या नंबरावर कोणाचा तरी टेम्पो निघतो. कधी नंबर हुबेहूब तुमचा असतो, पण गाडीचा रंग किंवा मॉडेल वेगळं. तेव्हा प्रश्न चलानाचा राहत नाही, बनावट नंबरप्लेटचा होतो. लगेच पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. विकलेल्या गाडीचं चलान आलं तर कलम ५० आठवा: राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर १४ दिवसांत आरटीओला कळवणं विकणाऱ्याचं काम आहे. कळवलं नसेल तर बाजू लंगडी पडते.

केंद्रीय मोटार वाहन नियम १६७-ए, ऑगस्ट २०२१ पासूनचा, हा खरा कामाचा. वेग मोजणाऱ्या उपकरणाला राज्याच्या प्राधिकाऱ्याचं मान्यता प्रमाणपत्र हवं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण हवं. कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी ठळक सूचना फलक हवा. चलानासोबत गाडीचा आणि नंबरप्लेटचा स्पष्ट फोटो, उपकरणाने मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण हवं. यातलं काय नाही ते लेखी मांडा, आधी ई-चलानाच्याच संकेतस्थळावर तक्रार म्हणून आणि गरज पडली तर न्यायालयात. घाटात आणि सपाटीला, कारला आणि ट्रकला मर्यादा वेगळ्या असतात, तेव्हा तुमच्या वर्गाची मर्यादा कोणती लावली तेही तपासा. 'सगळेच त्या वेगात होते' हे चालत नाही. 'स्पीडगन तिरकी धरली होती' हेही नाही: कोनातून मोजलेला वेग खऱ्यापेक्षा कमीच येतो, म्हणजे हा मुद्दा उलट तुमच्यावरच शेकतो.

'कॅमेऱ्याला प्रमाणपत्रच नसतं, हमखास सुटाल' म्हणून पैसे घेणाऱ्यापासूनही सावध. प्रमाणपत्र आहे की नाही हे कोर्टात मागितल्यावर कळतं, एजंटच्या टेबलावर नाही.

व्हॉट्सॲपवर चलान म्हणून येणाऱ्या एपीके फाइलबद्दल (दाबली की फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) थोडक्यात: सरकार चलान एपीके म्हणून पाठवत नाही. ती फाइल तुमचे एसएमएस वाचते आणि बँकेचे ओटीपी परस्पर जातात. चुकून टाकली गेली असेल तर आधी इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खातं गोठवा, मग १९३० वर कळवा. भरणा करताना लिंक दाबू नका; पत्ता स्वतः टाइप करा, आणि तो जीओव्ही डॉट इन वरच संपतो ना ते बघा.

एजंटला पैसे दिलेच असतील तर त्याने पाठवलेल्या 'पेड'च्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका. ई-चलानाच्या आणि व्हर्च्युअल कोर्टाच्या, दोन्ही संकेतस्थळांवर गाडी क्रमांक स्वतः टाका. प्रकरण वर्ग झालेलं दिसलं तर सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र क्रमांक) टिपून ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर पुढची तारीख काढा आणि त्या तारखेला स्वतः हजर राहा. दंड तिथेही भरता येतो. एजंटचे संदेश आणि यूपीआयची नोंद पुसू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार करताना तोच पुरावा लागतो. त्या तक्रारीने चलान मात्र थांबत नाही, त्याची तारीख वेगळी सांभाळावी लागते.