बीएल-५सी बॅटरीचा पॉकेट एफएम: स्ट्रीमिंगच्या जमान्यात घ्यावा का?

हजार रुपयांच्या आत मिळणारे हे छोटे रेडिओ वेगवेगळ्या नावांनी विकले जातात, आतला माल मात्र बहुतेक सारखाच. डीएसपी ट्यूनर चिप (स्टेशन डिजिटल पद्धतीने पकडणारी), एक छोटा स्पीकर, ओढून लांब होणारी एरियल आणि जुन्या नोकिया फोनमधली बीएल-५सी बॅटरी. ही बॅटरी कुठल्याही मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मिळते. ती फुगली की दोन मिनिटांत बदलता येते, ही यातली सर्वांत मोठी जमेची बाजू. मध्यम आवाजात आठ-दहा तास चालावी.

स्टेशन नीट लागणं सगळं एरियलवर आहे. १०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी तीन मीटर, म्हणजे पाव लहर ७५ सेंटिमीटर. या रेडिओंची एरियल त्याहून बरीच आखूड असते, म्हणून ती पूर्ण ओढून, खिडकीशी उभं राहूनच ऑटो स्कॅन करावा. घराच्या मधल्या खोलीत स्कॅन केलात तर कमजोर स्टेशनं यादीतच येणार नाहीत आणि दोष रेडिओच्या माथी जाईल. स्कॅननंतर १०२.८ सारखी सम दशांशाची स्टेशनं गायब आणि फक्त ९२.७ सारखी विषम दशांशाची दिसत असतील, तर ट्यूनिंग अमेरिकन पद्धतीच्या ०.२ टप्प्यावर आहे, ते ०.१ वर आणा. सेटिंगच नसेल तर परत करा.

चार्जिंगला लावल्यावर खरखर येते ती बहुधा स्वस्त चार्जरची. केबल काढून ऐका. एलईडी बल्बचा ड्रायव्हरही (त्याच्या आतलं वीज पुरवणारं सर्किट) असाच त्रास देतो. इअरफोनवर सूं असा आवाज येत असेल तर मोनो करा, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज. कमजोर सिग्नलवर स्टीरिओत तो वाढतोच. घाटात किंवा डोंगराआड मात्र इलाज नाही, एफएमला समोरासमोरची मोकळी वाट हवी असते.

स्वतःची गाणी वाजवायला मेमरी कार्ड टाकणार असाल तर ते ३२ जीबीपर्यंतचं, एफएटी३२ फॉरमॅटचं घ्या. स्ट्रीमिंग ॲपमध्ये 'डाउनलोड' केलेली गाणी यावर वाजणार नाहीत, कारण त्या फाइली कुलूपबंद असतात.

आता मुद्द्याचं. फक्त गाणी ऐकायची असतील तर हा घेऊ नका. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच जशाच्या तशा लावता येतात. मग उरतात तीच पंधरा-वीस गाणी, जाहिराती आणि बडबड. तिथे स्ट्रीमिंग सरळ जिंकतं. एफएम टिकलंच तर स्थानिक आणि थेट प्रसारणावर टिकेल. मुंबईत १०२.८ ला किंवा पुण्यात १०१ ला विविध भारती लावून स्वयंपाक करणाऱ्यांना ॲप उघडायची गरज पडत नाही. तीच वाहिनी मोबाइलवर ६४ केबीपीएसने ऐकली तर तासाला सुमारे २९ एमबी डेटा जातो, आणि आवाज काही सेकंद मागे असतो. सामन्याचं धावतं समालोचन ऐकणाऱ्याला हे लगेच खटकतं.

फोनमधलं एफएम चालेलही, पण त्याला वायरचा इअरफोन लागतो. तीच त्याची एरियल. २०२३ मध्ये केंद्र सरकारने फोन कंपन्यांना एफएम सुरू ठेवण्याची सूचना दिली, तरी इअरफोनचा जॅकच नसलेल्या फोनात तिचा फायदा थोडाच.

दुकानात घेताना एरियल मुळाशी हलवून पाहा. तिथे खडखड ऐकू आली तर दुसरा नग मागा. आणि बॅटरी पूर्ण उतरवून महिनोन्महिने कपाटात टाकू नका.