‘गो’चं ‘वेंट’ कसं झालं? एका क्रियापदावर घासून पाहिलेली एटिमऑनलाइन

इंग्रजी शब्दांची व्युत्पत्ती देणारी एटिमऑनलाइन ही डग्लस हार्पर यांची साइट कितपत कामाची आहे, हे पाहायचं तर तिथे ‘गो’ टाकावं. गो-वेंट-गॉन शाळेत सगळ्यांनीच घोकलेलं असतं. मधला ‘वेंट’ कुठून घुसला, हे मात्र वर्गात सहसा कुणी सांगत नाही.

साइट सांगते, आणि व्यवस्थित सांगते. जुन्या इंग्रजीत क्रियापद ‘गान’ होतं आणि त्याचा भूतकाळ ‘एओदे’. म्हणजे तेव्हाही भूतकाळ दुसऱ्याच धातूकडून उसना घेतलेला. पंधराव्या शतकात एओदे मागे पडला आणि ‘वेंड’ म्हणजे वळणे, वाट धरणे, याचं भूतकाळी रूप ‘वेंट’ तिथे येऊन बसलं. सेंड-सेंट, बेंड-बेंट, तसंच वेंड-वेंट. घरचं रूप असं गेल्यावर वेंडला ‘वेंडेड’वर भागवावं लागलं. आजच्या इंग्रजीत अशी उसनवारी ‘बी’ आणि ‘गो’ या दोनच क्रियापदांत उरली आहे.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. ‘जातो’ संस्कृत ‘या’ धातूचा, तर ‘गेला’ हा ‘गम्’च्या ‘गत’चा. पडताळायचं असेल तर शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल कोशांत टर्नरचा इंडो-आर्यन तौलनिक कोश फुकट आहे. त्यात ‘याति’ आणि ‘गत’ शोधा.

वापरताना गफलत होते ती इथे. ‘गो’ नाम आणि ‘गो’ क्रियापद यांच्या नोंदी वेगळ्या आहेत, शिवाय ‘वेंट’ आणि ‘वेंड’ या आणखी दोन. पहिलीच नोंद वाचून थांबलात तर गोष्ट अर्धीच कळते. दुसरं, शब्दाआधीची चांदणी. ती दिसली की ते रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी अनुमानाने उभं केलं आहे, असं समजायचं. ‘गो’चं मूळ अशाच एका चांदणीवाल्या धातूत दिलं आहे आणि त्याला संस्कृत ‘जिहीते’ (म्हणजे ‘जातो’) जोडलं आहे. पण सजातीय (म्हणजे एकाच मुळातून आलेल्या) शब्दांच्या यादीवर एकमत नाही, असंही पुढे स्पष्ट लिहिलं आहे. फॉरवर्ड करणारे नेमकं हेच वाक्य गाळतात.

‘गो’ आणि ‘गम्’ सारखे ऐकू येतात म्हणून एकच, हा समज तर फारच पसरलेला. तो खोडायला ‘कम’ची नोंद उघडा: ‘गम्’चं इंग्रजी भावंड तिथे सापडतं. थोडक्यात, आपला ‘गेला’ नात्याने त्यांच्या ‘येण्या’चा.

अर्थांच्या बाबतीत साइट तोकडी पडते. दूध नासलं की ‘गो बॅड’मधला ‘होणे’ हा अर्थ, किंवा ‘गोइंग टू’चा भविष्यकाळ, असलं सगळं जाता जाता येतं. उदाहरणाची वाक्यं जवळजवळ नाहीत, उच्चार नाहीत. एखादा अर्थ कोणत्या साली कोणत्या वाक्यात आला, हे बघायचं तर ऑक्सफर्डचा मोठा कोशच हवा (1989ची दुसरी आवृत्ती 20 खंडांची), आणि त्याच्या ऑनलाइन आवृत्तीला वर्गणी पडते. एटिमऑनलाइनवर जाहिराती सोसल्या की खर्च शून्य, खातंही काढावं लागत नाही.

‘हॅज गॉन टू’ आणि ‘हॅज बीन टू’ यांतला फरक शोधत इथे येऊ नका. त्याला विद्यार्थ्यांसाठीचा साधा इंग्रजी कोश घ्या.