झोपाळ्याचा फोटो आणि आमचे तीन लाख चाळीस हजार

आधी एक सांगते, कारण हे वाचताना बहुतेकांच्या मनात पहिल्यांदा तेच येईल. ज्या फेसबुक प्रोफाइलवर विश्वास ठेवून आम्ही कोकणात जमीन घ्यायला निघालो, ते खोटं नव्हतं. नाव खरं, फोटो त्याचाच, गाव खरं, दाखवलेलं आधार कार्डही खरं. मी त्या माणसाला प्रत्यक्ष भेटले, त्याच्या मागोमाग जमीन पाहत फिरले, त्याने दिलेलं कोकम सरबत प्यायले. आणि तरीही आमचे ३ लाख ४० हजार रुपये गेले. म्हणून "खोट्या अकाउंटपासून सावध राहा" एवढाच सल्ला ज्यांनी ऐकला आहे, त्यांनी हे जरूर वाचावं.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी फेसबुकवर कोकणच्या आठवणींच्या एका गटात गेले. आम्ही डोंबिवलीला राहतो, दोघेही नोकरदार. तेव्हा घरात कोंडून घेतलेलं, मुलगी दुसऱ्या शहरात, आणि संध्याकाळ खायला उठायची. त्या गटात एक दादा रोज सातच्या सुमारास लिहायचे. (आता एकेरीतच लिहिते, पण तेव्हा मी "दादा"च म्हणायचे.) "नमस्कार मंडळी" अशी सुरुवात, मग ओटीवरच्या झोपाळ्याचा फोटो, पितळी कड्यांचा, सागवानी. कधी पागोळ्या, कधी अंगणात वाळत घातलेली आमसुलं. आणि आई. आई पहाटे उठून चूल पेटवते, तिच्या लुगड्याला धुराचा वास येतो, तो वास आला की मला जाग येते, असं तो लिहायचा. वाचताना डोळ्यांत पाणी यायचं. खाली दोनशे-तीनशे प्रतिक्रिया, आणि तो प्रत्येकाला उत्तर द्यायचा. वाद घालणाऱ्यालाही गोड बोलायचा. "ताई, या कधीतरी, घर आपलंच आहे" हे तर त्याचं ठरलेलं वाक्य.

माझे वडील लांजा तालुक्यातले. आमचं घर पडलं, काकांनी ठिकाण विकून टाकलं, सातबाऱ्यावरचं आमचं नाव गेलं. बाबा २०१८ साली गेले. शेवटच्या आजारपणातसुद्धा "एकदा घरी जाऊन येऊ या" म्हणायचे, आणि घर म्हणजे डोंबिवली नाही हे आम्हाला कळायचं. हे सगळं मी एकदा त्याच्या पोस्टखाली लिहिलं. मन मोकळं झालं होतं, बरं वाटलं होतं. आज मागे वळून पाहिलं की कळतं, मला कुठे दुखतंय ते त्याला तिथेच कळलं.

वर्षभराने त्याने मेसेज केला. त्यांच्या वडिलोपार्जित जमिनीतली एक एकर जागा फक्त गटातल्या आठ घरांना द्यायची, प्रत्येकी पाच गुंठे, ६८ हजार रुपये गुंठा. सगळे मिळून कलमं लावू, छोटी घरं बांधू. मी म्हटलं, शेतजमीन घ्यायला लागतो तो शेतकरी दाखला माझ्याकडे नाही. तो म्हणाला, "ते माझ्यावर सोडा, ताई. तुम्ही फक्त गेटवर बाबांच्या नावाची पाटी लावायला या."

ही पाटीची गोष्ट मी त्याला कधी बोलले नव्हते. त्याच्या मनातून आली. किती अचूक आली.

डिसेंबर २०२२ मध्ये आम्ही दोघं ठाण्याहून मांडवी एक्स्प्रेसने रत्नागिरीला उतरलो. तो मोटरसायकलवर घ्यायला आला, आम्हाला रिक्षा करून दिली. यानंतर जे सांगते ते नीट वाचा, कारण पुढे काय होणार ते त्या एका दिवसात आमच्या डोळ्यांसमोर आलं होतं.

नाक्यावर चहाला थांबलो. टपरीवाल्याने आम्हाला चहा दिला, पण त्याच्याकडे पाहिलंही नाही. गावचा माणूस गावात शिरतो तेव्हा कोणीतरी "काय, कधी आलास?" म्हणतं. इथे कोणीच काही म्हटलं नाही. शहाळी आणून देणाऱ्या पोराने सुट्टे पैसे नाहीत म्हटलं, तर हा त्याच्यावर असा खेकसला की मी दचकले. दुसऱ्याच क्षणी आमच्याकडे वळून तोच फेसबुकवरचा मऊ आवाज. घरापाशी आलो. दाराला कुलूप. जुडग्यातल्या चार किल्ल्या लावून पाहिल्या तेव्हा पाचवी लागली. आत दिव्याचं बटण कुठे आहे ते भिंतीवर चाचपडत शोधलं. झोपाळा मात्र तोच होता, पितळी कड्यांचा. मी त्यावर बसले, आणि खरं सांगते, बाकी काही दिसेनासं झालं.

आई कुठे आहेत विचारलं, तर म्हणाला दोन दिवस बहिणीकडे गेल्यात. आमचे हे स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले होते. परतीच्या गाडीत ते म्हणाले, "चुलीत कोळ्याने जाळं केलंय. राखसुद्धा नाही." मी म्हटलं, गॅसवर करत असतील. ते म्हणाले, "कालच्याच पोस्टमध्ये आई चूल पेटवत होती ना?"

मी त्यांच्यावर चिडले. तुम्हाला प्रत्येकात खोट दिसते, म्हणाले. अडीच वर्षं मी त्या माणसाचं रोज वाचत होते, आणि मला वाटत होतं की मी त्याला ओळखते. चार तास समोर दिसलेला माणूस मला "आज जरा दमलेला" वाटला, आणि पडद्यावरचा खरा.

जानेवारी २०२३ मध्ये ५० हजार विसार दिला. मार्चमध्ये दीड लाख, जूनमध्ये १ लाख ४० हजार. पैसे यूपीआयने आणि आयएमपीएसने, त्यातले निम्मे त्याच्या मेव्हण्याच्या खात्यात, कारण त्याच्या बँकेचा म्हणे काही घोळ होता. पावती मागितली तेव्हा "ताई, आपल्यात पावती?" असं म्हणाला, आणि मलाच मागितल्याची लाज वाटली. कागद म्हणून पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला करारनामा आणि चुलतभावांनी त्याला दिलेलं म्हणून एक मुखत्यारपत्र, तेही नोटरी केलेलं. शिक्के भरपूर होते. मी ते देव्हाऱ्यात ठेवलं. पाटीही करून घेतली, सुताराकडून, फणसाच्या लाकडाची.

मग मोजणीची तारीख मिळत नव्हती. मग तलाठी बदलला. मग पाऊस. मग चुलत्याचं आजारपण. या सगळ्या काळात त्याच्या पोस्टी एक दिवसही चुकल्या नाहीत. गणपतीत तर आरतीचा व्हिडिओ टाकला. ऑक्टोबरमध्ये मी जरा कडक शब्दांत विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी मला त्याचं प्रोफाइलच दिसेना. फोन लागेना. ब्लॉक केलं होतं.

त्यानंतर मी जे केलं ते आधी करायला हवं होतं, आणि त्याला पंधरा रुपये लागतात. सरकारच्या महाभूमी या संकेतस्थळावर जमिनीचा गट नंबर टाकून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढला. त्याचं नाव त्यावर नव्हतंच. आडनाव तेच, पण माणसं वेगळी, पाच सामाईक खातेदार. चौकशी केली तेव्हा कळलं की त्यातले दोघं वारले आहेत आणि वारस नोंद झालेली नाही. इतर हक्काच्या रकान्यात शेती सोसायटीच्या कर्जाचा बोजा. त्याने आम्हाला मोबाइलवर दाखवलेला सातबारा खरा होता, फक्त नावांची यादी वर सरकवून गट नंबर आणि क्षेत्र तेवढं दाखवलं होतं.

हे आणि मी पुन्हा गावी गेलो, न सांगता. शेजारच्या घरी एक म्हातारी आजी सुपात तांदूळ निवडत होती. तिने आम्हाला ओटीवर बसवलं, पाणी दिलं. तिने सांगितलं, घर त्याचं नाही, मुंबईच्या चुलत्याचं. किल्ल्या फक्त देखभालीसाठी दिलेल्या. मी आईबद्दल विचारलं. आजी तांदळातून हात न काढता म्हणाली, "ती कधीच गेली लेकीकडं. तो काय विचारतो तिला?"

पैशांचं दुःख होतंच. पण त्या एका वाक्याने मला जे झालं ते वेगळं होतं. ज्या आईच्या लुगड्याच्या वासावर मी रडले होते, तिला तो तीन-चार वर्षं भेटलाही नव्हता.

मला अजूनही वाटतं, लिहिताना तो प्रत्येक वेळी ठरवून खोटं लिहीत नसावा. आपण असं असावं, आपली आई अशी पहाटे चुलीपाशी असावी, हे त्याला वाटत असेलही. संध्याकाळी सात वाजता तो तसा माणूस होत असेल. पण ज्या माणसाच्या हातात आपण पैसे देतो, तो सकाळी अकरा वाजता शहाळ्यावाल्या पोरावर खेकसणारा असतो. व्यवहार त्याच्याशी होतो.

गटात लिहिलं तेव्हा लोक माझ्यावरच उलटले. दादा असं करूच शकत नाहीत. ताई, तुमचा काही गैरसमज झाला असेल. एकीने तर मला जळफळाट होतोय असं लिहिलं. ज्यांनी त्याला एकदाही पाहिलं नव्हतं, ते त्याची शपथ घ्यायला तयार होते, आणि मी त्यांना दोष देऊ शकत नाही, कारण वर्षभरापूर्वी मीही तेच केलं असतं. पण त्या गदारोळातच तीन जणांनी मला खासगीत मेसेज केला. त्यांचेही पैसे गेले होते, त्याच एक एकरात. एकालाही दुसऱ्याचं नाव माहीत नव्हतं. "बाकीच्या सात घरांना सध्या सांगू नका, दर कमी-जास्त आहेत" असं त्याने प्रत्येकाला सांगितलेलं.

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा सांगितलं गेलं की हा जमिनीचा व्यवहार, दिवाणी बाब, कोर्टात जा. एकटी होते तेव्हा परत आले. चौघांनी मिळून लेखी अर्ज दिला, बँकेचे उतारे, चॅटचे प्रिंट, चारही करारनामे एकाच गट नंबरचे, तेव्हा मार्च २०२४ मध्ये भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० खाली गुन्हा दाखल झाला. तपास चालू आहे. पैसे आलेले नाहीत. हा अनुभव कोणाला आला तर एवढं लक्षात ठेवा: एकट्याने जाऊ नका, तुमच्यासारखे आणखी शोधा, ते असतातच. आणि ऑनलाइन पैसे आजच गेले असतील तर हे वाचणं थांबवून आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पहिल्या काही तासांत खात्यातली रक्कम गोठवता येऊ शकते. आम्ही महिनोन्महिने "दादा बिचारे अडचणीत असतील" म्हणत बसलो.

जमिनीचं तेवढं सांगते. १९४८ च्या कुळकायद्याचं कलम ६३ आहे, त्यानुसार जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. "दाखल्याचं मी बघतो" म्हणणारा माणूस तिथेच ओळखायचा असतो. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं खरेदीखत हवं. करारनामा आणि मुखत्यारपत्र यांच्या जोरावर मालकी मिळत नाही, हे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं आहे. सातबारा समोरच्याने दाखवलेला पाहू नका, स्वतः काढा, पूर्ण वाचा, फेरफार (मालकीत झालेल्या बदलांच्या नोंदी) काढा, वकिलाकडून जमिनीच्या मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल घ्या. सामाईक खातं असेल तर एकूण एक खातेदाराची सही समोर. पैसे फक्त सातबाऱ्यावरच्या माणसाच्या खात्यात, मेव्हण्याच्या नाही.

आणि कागदांच्याही आधी, त्या माणसाच्या गावी न सांगता जा. नाक्यावर चहा प्या. त्याचं नाव घ्या आणि समोरच्याचा चेहरा बघा. तुमच्यासोबत असलेला कोणी "चुलीत जाळं आहे" म्हणाला, तर त्याच्यावर चिडू नका.

मला ब्लॉक केलेलं असल्याने आता भाचीच्या फोनवरून कधीतरी बघते. गेल्या आठवड्यात तोच झोपाळा पुन्हा टाकला होता, पहिल्या पावसाच्या चार ओळींसह. खाली नाशिकच्या एका बाईंनी लिहिलं होतं, "दादा, मिस्टर गेल्यापासून कोकणात छोटीशी जागा घ्यावी असं फार मनात आहे." त्याने उत्तर दिलं होतं, "ताई, इनबॉक्समध्ये बोलतो." मी त्या बाईंना माझ्या नावाने मेसेज पाठवला, गुन्ह्याच्या नोंदीचा फोटो जोडला, माझा नंबर दिला. आज सहा दिवस झाले. त्यांनी तो अजून उघडलेला नाही. अनोळखी माणसांचे मेसेज वेगळ्या कप्प्यात जातात, बहुतेकांना तो कप्पा असतो हेच माहीत नसतं. त्या बाई हे वाचत असतील, तर कृपा करून तो उघडा.